जुने पंचांग : १८६९

आमच्या घरी लांबट आकाराची, लाल कापडी पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिक्षक होते. घरातले जन्म-मृत्यू, कोणाची शादी कधी झाली, कोण कोणत्या बोटीवर लागला, हे सारे ते या वहीत टिपून ठेवत. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी दोन टपाल तिकिटे चिकटवली आहेत. एक मिर्झा गालिबचे, दुसरे गांधीजी आणि कस्तुरबांचे. दोन्ही तिकिटे १९६९ ची. माझा जन्मही त्याच वर्षाचा आणि त्याची नोंद या तिकिटांच्या समोरच्या पानावर आहे.

मी सात-आठ वर्षांचा असताना अब्बांना विचारले होते, ‘‘हे दोघे एकमेकांना ओळखत होते का?’’ अब्बा हसले. म्हणाले, ‘‘थोडक्यात चुकामूक झाली, बेटा. एक फेब्रुवारीत गेला, दुसरा ऑक्टोबरात आला. साल एकच. अठराशे एकोणसत्तर.’’

सनावळ्या पाठ करण्याचा मला शाळेत कंटाळा असे. हे एक साल मात्र त्या दिवशी डोक्यात बसले ते कायमचे. पुढे जे काही वाचत गेलो, त्यात १८६९ हा आकडा दिसला की मी थबकायचो आणि वहीत टिपून ठेवायचो. त्या टिपणांचा हा गोषवारा आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. साधा बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. तेव्हा हे एका वाचकाचे बोलणे समजावे.

सुरुवात फेब्रुवारीपासून करू. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी दिल्लीत, बल्लीमारान भागातल्या गली कासिम जानमध्ये मिर्झा असदुल्ला खान गालिब वारला. वय एकाहत्तर. कान गेलेले, अंगात त्राण नाही आणि डोक्यावर कर्ज. रामपूरच्या नवाबाकडून महिना शंभर रुपये येत, त्यावर घर चाले. त्याने १८५७ ची दिल्ली पाहिली होती. मित्र मारले गेलेले, हवेल्या जमीनदोस्त झालेल्या. त्याचा धाकटा, वेडसर भाऊ त्याच धामधुमीत गेला. ज्या दरबारात गालिबने कविता वाचली, त्या दरबाराचा बादशहा दूर रंगूनला कैदेत वारला होता. गालिब मेला तेव्हा दिल्ली उजाड होऊन बारा वर्षे झाली होती.

या म्हाताऱ्या कवीची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गझलांच्या गर्दीत ती मागे पडते. १८५५ च्या सुमारास सय्यद अहमद खान, म्हणजे पुढचे सर सय्यद, यांनी अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’ची मोठ्या मेहनतीने संपादित आवृत्ती काढली. तिच्यासाठी त्यांनी गालिबकडे चार प्रशंसेचे शब्द मागितले. गालिबने फारसीत पद्यरूप अभिप्राय लिहून दिला, पण त्यात प्रशंसा नव्हती. त्याचे म्हणणे असे की, इंग्रजांकडे जरा डोळे उघडून पाहा. वाफेवर जहाजे चालवतात, तारेतून क्षणात निरोप धाडतात, दिव्याशिवाय शहरे उजळतात. त्यांच्या या कायद्या-करामतींपुढे अकबराचे आईन म्हणजे गेल्या वर्षीचे पंचांग! सय्यद अहमदांना हा अभिप्राय रुचला नाही. त्यांनी तो छापला नाही आणि दोघांमध्ये काही काळ दुरावाही राहिला.

ज्या कवीला आपण जुन्या जमान्याचा शेवटचा दिवा म्हणतो, तो स्वतः जुने पंचांग चाळत बसू नका म्हणत होता. मी मात्र इथे नेमके तेच करतो आहे. त्याची क्षमा मागून पुढे जातो.

गालिबनंतर तेराच दिवसांनी, २८ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये लामार्तिन हा फ्रेंच कवी वारला. १८४८ च्या फ्रेंच क्रांतीत काही काळ या कवीच्या हाती देशाची सूत्रे होती. शेवटची वर्षे मात्र कर्ज फेडण्यासाठी पानेच्या पाने लिहिण्यात गेली आणि अखेर सरकारी तनखा घ्यावा लागला. तुर्कस्तानच्या इतिहासावर लिहिताना त्याने प्रेषित मुहंमदांचा मोठा गौरव केला होता, म्हणून आमच्याकडच्या जुन्या उर्दू पुस्तकांत त्याचे नाव हमखास भेटते. दिल्लीचा कवी आणि पॅरिसचा कवी, दोघे एकाच महिन्यात गेले आणि दोघेही कर्जदार गेले. सावकाराच्या वहीत कवीचे पान सगळीकडे सारखेच दिसते.

मार्च महिन्यात रशियात, सेंट पीटर्सबर्ग येथे, तिथल्या रसायन मंडळासमोर एक निबंध वाचला गेला. निबंध होता दिमित्री मेंडेलीव्हचा. तो स्वतः त्या दिवशी गावात नव्हता, म्हणून त्याच्या सहकाऱ्याने तो वाचून दाखवला. मी कला शाखेचा, रसायनशास्त्रात माझी गती बेताची. पण शाळेत भिंतीवर टांगलेली आवर्तसारणी सगळ्यांनाच आठवत असेल. तिचा जन्म हा. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये ठाऊक होती. मेंडेलीव्हने ती अणुभारांच्या क्रमाने मांडली आणि त्याच्या लक्षात आले की, ठरावीक अंतराने गुणधर्म पुन्हा पुन्हा येतात.

मला भावते ती मात्र पुढची गोष्ट. मांडणी करताना काही ठिकाणी ओळ जुळेना. दुसऱ्या कोणी ओढूनताणून पुढचे मूलद्रव्य तिथे बसवले असते. मेंडेलीव्हने तसे न करता जागा मोकळी सोडली आणि तिथे प्रश्नचिन्ह घातले. इथे काहीतरी आहे, फक्त आपल्याला अजून सापडलेले नाही, असा त्याचा अर्थ. दोन वर्षांनी त्याने या न जन्मलेल्या मूलद्रव्यांची बारशीही केली आणि त्यासाठी शब्द घेतला तो आपल्या संस्कृतमधला ‘एक’. एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. पुढे १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले आणि त्या रिकाम्या जागी जाऊन बसले. कविता लिहिणाऱ्याला कोणता शब्द गाळायचा हे कळावे लागते. शास्त्रज्ञालाही ते कळावे लागते, हे मला मेंडेलीव्हने शिकवले.

त्याच सुमारास जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी, एका जुन्या किल्ल्याच्या मुदपाकखान्यात थाटलेल्या प्रयोगशाळेत, फ्रेडरिक मिशर नावाचा चोवीस वर्षांचा स्विस तरुण एक किळसवाणे काम करत होता. शस्त्रक्रियेच्या दवाखान्यातून जखमांच्या पुवाने भरलेल्या पट्ट्या आणायच्या, त्या धुवायच्या आणि त्या पुवातल्या पेशी वेगळ्या करायच्या. पेशींच्या केंद्रकात त्याला एक असा पदार्थ मिळाला, जो तोवर कोणाला माहीत नव्हता. त्याने त्याला ‘न्यूक्लिन’ म्हटले. त्याच्या गुरूंचा आधी विश्वास बसेना. त्यांनी स्वतः प्रयोग करून खात्री केली आणि मग १८७१ मध्ये निबंध छापला गेला. त्या पदार्थाला आज आपण डीएनए म्हणतो. बापाचे नाक मुलाला का येते, याचे उत्तर त्या टाकाऊ पट्ट्यांमध्ये होते. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी लंडनहून ‘नेचर’ हे विज्ञान नियतकालिक निघाले. डीएनएची रचना उलगडून सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध १९५३ मध्ये याच ‘नेचर’मध्ये आला. पदार्थ आणि पत्रिका दोघे एकाच वर्षाचे. त्यांची गाठ पडायला ८४ वर्षे लागली.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. एप्रिल १८६९ मध्ये मुंबई बंदरातून एक पाहुणे विलायतेला निघाले. तेच ते सय्यद अहमद खान, ज्यांना गालिबने जुन्या पंचांगावरून टोकले होते. गालिबला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. सय्यद अहमदांचे वय पन्नाशीपार. बरोबर दोन मुलगे, त्यांतल्या महमूदला विलायतेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळालेली. बाकीच्या खर्चासाठी कर्ज काढलेले. वाफेवरची जहाजे आणि तारेचे निरोप ज्या देशात घडतात, तो देश स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला ते निघाले होते. सुवेजचा कालवा तेव्हा पुरा व्हायचा होता, म्हणून सुवेजला बोटीतून उतरून आगगाडीने अलेक्झांड्रियाला जायचे आणि तिथे दुसरी बोट धरायची, असा प्रवास होता. पुढच्या भूमध्य समुद्रातल्या प्रवासात त्यांना बोटीवर भेटले ते खुद्द फर्दिनां द लेसेप्स, म्हणजे कालवा खोदवून घेणारे गृहस्थ. लंडनमध्ये सतरा-अठरा महिने काढून सय्यद अहमद परतले आणि १८७५ मध्ये त्यांनी अलीगढला शाळा काढली. त्या शाळेचे पुढे कॉलेज झाले आणि मग विद्यापीठ. गालिबचा तो अभिप्राय त्यांनी छापला नव्हता, पण पुढच्या आयुष्यात त्यावर अंमल केला, असे म्हणता येईल.

मे महिन्यात अमेरिकेत मोठा सोहळा झाला. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग १० मे रोजी युटामधल्या प्रोमोंटरी या जागी जोडले गेले. सोन्याचा खिळा ठोकला गेला आणि देशभर तार गेली, ‘झाले!’ सोन्याचा तो खिळा लगेच काढून घेतला आणि साधा लोखंडी खिळा मारला, हेही सांगितले पाहिजे. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून पश्चिमेकडचा रस्ता ज्यांनी केला ते बहुतेक चिनी मजूर होते. हजारोंच्या संख्येने होते. पण त्या दिवशीच्या प्रसिद्ध छायाचित्रात ते जवळजवळ दिसतच नाहीत. सोहळ्याच्या चित्रात मजूर नसणे, हे आपल्यालाही अनोळखी नाही.

त्या वर्षी आपला महाराष्ट्र काय करत होता? मुंबई आजारातून उठल्यासारखी होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर शेअरचा सट्टा झाला आणि १८६५ मध्ये सारे कोसळले. पण त्या तेजीत कोटाच्या भिंती पडल्या होत्या, नव्या इमारती उठत होत्या. महापालिकेचे आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने बांधलेली मोठी मंडई १८६९ मध्ये पुरी झाली. तिच्यावरची शेतकऱ्यांची, बाजाराची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. हेच क्रॉफर्ड पुढे पुण्याला विभागीय आयुक्त असताना लाचलुचपतीच्या आरोपांत सापडले आणि १८८८ चे ‘क्रॉफर्ड प्रकरण’ खूप गाजले. आज त्या मंडईचे नाव आहे महात्मा जोतिबा फुले मंडई.

हा बदल कोणी पंचांग पाहून केला नसेल, पण तो अगदी मुहूर्तावर बसतो. कारण मंडई पुरी झाली त्याच १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा प्रसिद्ध झाला. जोतीराव तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. आदल्याच वर्षी त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पोवाड्यात त्यांनी शिवाजी महाराजांना शेतकऱ्यांचा, कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. पोवाड्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट सांगितले आहे की, हे कुणबी, माळी, महार, मांग अशा लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून लांबलचक संस्कृत शब्द आपण घातलेले नाहीत, त्यांना समजेल अशी भाषा वापरली आहे. मराठीच्या इतिहासात हे वाक्य मला एखाद्या जाहीरनाम्यासारखे वाटते.

त्याच वर्षी, गालिबच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, दिल्लीत ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हा त्याच्या पत्रांचा संग्रह बाहेर पडला. गालिबच्या गझला कळायला कठीण. पण पत्रे? मिर्झासाहेब समोर खाटेवर बसून बोलताहेत असे वाटावे! पावसाने छत गळते आहे, अमुक मित्र मेला, आंबे आले नाहीत, पेन्शन थकली. त्या काळच्या पत्रांत आधी पानभर पदव्या आणि अलंकार असत. गालिबने ते सारे बाजूला ठेवले. पत्र म्हणजे दोन माणसांचे बोलणे, असे तो म्हणे. उर्दू गद्याने मोकळा श्वास घेतला तो या पत्रांमुळे.

एक दिल्लीचा, तुर्की वंशाचा अभिमान बाळगणारा कर्जबाजारी रईस. दुसरा पुण्याचा, माळी समाजात जन्मलेला सुधारक. दोघांना एकमेकांचे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते. पण एकाच वर्षी दोघांची अशी दोन पुस्तके आली, ज्यांनी भाषेला पालखीतून उतरवून पायी चालायला लावले. मला हे सांगणे गरजेचे वाटते, त्याला कारण आहे. कविसंमेलनांत मला नेहमी एक प्रश्न येतो, ‘‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’’ विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण प्रश्न टोचतो. आमच्या घरात उर्दूचे कपाट होते आणि अंगणात मराठी होती. मी गालिबची पत्रे अब्बांच्या तोंडून ऐकली आणि फुल्यांचा पोवाडा मराठी शाळेतल्या गुरुजींच्या आवाजात ऐकला. मला त्यांतले एकही परके वाटले नाही. पुढे दोघांचे साल एकच आहे हे कळले, तेव्हा घरातली दोन भांडणारी माणसे अचानक जुळी निघावीत तसा आनंद झाला.

त्याच वर्षी मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचा पुनर्विवाह लागला. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेरा वर्षे झाली होती. कायदा कागदावर होता, पंगतीला मात्र जागा नव्हती. लग्नात सामील झालेल्यांवर बहिष्कार आला. पुढच्या वर्षी पुण्यात शास्त्रार्थाचा मोठा वाद भरला आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. तरी लग्न लागले होते ते लागलेच. कायदा मोडणाऱ्याला धैर्य लागते असे आपण म्हणतो. कायदा पाळायलाही किती धैर्य लागते, हे वेणूबाईंकडे पाहून समजते.

ऑक्टोबरच्या २ तारखेला काठेवाडात, पोरबंदरच्या दिवाणांच्या घरी मुलगा झाला. नाव मोहनदास. त्याच गावात, त्याच वर्षी एप्रिलमध्ये, एका व्यापाऱ्याच्या घरी कस्तूर नावाची मुलगी जन्मली होती. ही बातमी कुठे छापून येण्याचे कारणच नव्हते. घरात पेढे वाटले गेले असतील, एवढेच. त्या मुलीचा अखेरचा श्वास पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत, २२ फेब्रुवारी १९४४ ला गेला. तिची समाधी तिथेच आहे.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या वर्षी रकानेच्या रकाने भरले ते नोव्हेंबरमध्ये. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेजचा कालवा खुला झाला. खोदायला दहा वर्षे लागली होती. पहिली काही वर्षे इजिप्तच्या गरीब फेलाहीन शेतकऱ्यांना वेठीला धरून काम झाले आणि त्यांतले हजारो दगावले. समारंभ मात्र थाटाचा. पोर्ट सैदला मौलवींनी दुआ केली, पाद्र्यांनी प्रार्थना केली. फ्रान्सची सम्राज्ञी युजिनी हिची बोट सर्वांत पुढे. इजिप्तचा खेदिव इस्माईल याने पाहुण्यांवर पाण्यासारखा पैसा उधळला. कैरोत त्याने नवे ऑपेरागृह बांधले. त्या प्रसंगी व्हेर्दीचा ‘आयदा’ झाला असे पुष्कळदा लिहिले जाते, ते खरे नाही. ऑपेरागृह ‘रिगोलेत्तो’ने उघडले, ‘आयदा’ तिथे १८७१ मध्ये आला. खेदिवाला मात्र हा थाट महागात पडला. कर्जापायी १८७५ मध्ये त्याने कालव्यातले आपले भाग इंग्लंडला विकले आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौजा इजिप्तमध्येच येऊन बसल्या.

या कालव्याने मुंबईचे नशीब फिरले. आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही. लंडन-मुंबई सागरी वाटेतले चार हजारांहून अधिक मैल वाचले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडले गेले. अमेरिकेतली रेल्वे, सुवेजचा कालवा आणि ही आपली रेल्वे, या तीन गोष्टींच्या भरवशावर ज्यूल व्हर्नचा नायक ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला आणि सुवेजमार्गे मुंबईला उतरला. १८७३ मध्ये मुंबईत पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, मग एकेक गोदी उभी राहिली. ४ सप्टेंबर १८८८ ला मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला मुंबईहून निघाले, तेही याच कालव्यातून गेले. दोघे एकाच वर्षाचे, फक्त कालवा दीड महिन्याने धाकटा.

कालवा खुला झाल्यावर पाचव्या दिवशी, २२ नोव्हेंबरला, स्कॉटलंडमध्ये ‘कटी सार्क’ नावाचे शिडाचे जहाज पाण्यात सोडले गेले. चीनचा चहा लंडनला सर्वांच्या आधी पोहोचवायचा म्हणून ते बांधले होते. पण लाल समुद्रातले वारे शिडांना सोयीचे नव्हते आणि कालवा सोयीचा होता तो आगबोटींना. काही वर्षांतच चहाचा धंदा आगबोटींनी नेला. शिडाच्या जहाजांच्या कलेने शिखर गाठले तेव्हा तिची वेळ संपून पाच दिवस झाले होते. लंडनजवळ ग्रीनिचला ते जहाज आजही जपून ठेवलेले आहे.

माझे आजोबा मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. आमच्या किनाऱ्यावरची घरेच्या घरे या बोटींवर जगली. आजोबा ‘सुवेज’ म्हणत. सांगायचे की, लांबून पाहिले तर पाणी दिसतच नाही. वाळवंटातून बोट चालली आहे असे वाटते. अब्बांच्या वहीत आजोबांच्या सफरींच्या तारखा आहेत. खेदिव, युजिनी, लेसेप्स यांची नावे त्यांना ठाऊक नव्हती. त्यांच्या मनिऑर्डरींवर अब्बा शिकले आणि शिकलेले अब्बा रात्री आम्हाला गालिबची पत्रे वाचून दाखवू लागले.

आता त्या दोन तिकिटांकडे परत येतो. १९६९ मध्ये देशाने दोन्ही शताब्दी साजऱ्या केल्या. फेब्रुवारीत गालिबच्या कबरीजवळ, दिल्लीतल्या निजामुद्दीनला, राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या हस्ते गालिब अकादमीचे उद्घाटन झाले. ऑक्टोबरात गांधी जन्मशताब्दी येणार होती. पण तिच्या दोन आठवडे आधी, सप्टेंबरमध्ये, खुद्द गांधीजींच्या अहमदाबादेत दंगल पेटली. शेकडो माणसे मारली गेली. सरकारी आकडाच सहाशेच्या वर आहे. शताब्दीसाठी आलेले खान अब्दुल गफार खान यांनी भाषणे करण्याआधी तीन दिवस उपवास केला.

अब्बांच्या वहीत दंगलीविषयी एक अक्षर नाही. मोठेपणी मी त्यांना एकदा विचारले, ‘‘तुम्ही त्या दिवसांत काही लिहिले नाहीत?’’ ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘तिकीट तेव्हाच चिकटवले. गालिबचे आधीपासून होते. शेजारी जागा होती. अहमदाबादच्या बातम्या वाचल्यावर पोस्टात गेलो आणि गांधीजींचे घेऊन आलो.’’

गालिब म्हणाला ते खरे आहे. गेल्या वर्षीच्या पंचांगाने आजची तिथी कळत नाही. पण १८६९ मध्ये लोक सुवेजकडे पाहत होते, तेव्हा ट्युबिंगेनला कोणी पट्ट्या धूत होते, पुण्यात कोणी सोप्या मराठीत पोवाडा छापत होते आणि पोरबंदरला एक पाळणा हलत होता. यंदाच्या वर्षातही असे काही चाललेले असणार. ते कुठे, हे मला सांगता येणार नाही. अब्बांची वही आता माझ्याकडे आहे. नातवंडांच्या नोंदी मी तिच्यातच करतो, मराठीत. तिकिटांच्या शेजारी अजून थोडी जागा आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)